झाकण उघडायचं नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.५०

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, दार लावून घ्या. दाराच्या हँडलला काहीतरी चिकट होतं. बहुतेक जॅम. अन्न तपासणी विभागाच्या प्रमुखाच्या दाराला जॅम! रुमालाने दार लावलं. रुमाल कचऱ्यात टाकला.

साहेब चौदा तारखेला रिटायर होतायत. खुर्चीवर पुढे कोण, ते साहेब सुचवणार आणि वरचे अधिकारी डोळे मिटून सही करणार. नावं दोनच. एक मी: एकोणीस वर्षं सर्व्हिस, सहाशे बारा किचन बंद पाडली, एकाही हॉटेलवाल्याचा चहा घेतला नाही. दुसरी हसरी. हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. आठ वर्षं सर्व्हिस. पिठात अळ्या सापडल्या तरी मालकाशी हसून बोलते आणि त्याच किचनमध्ये उभी राहून चहा पिते. मालक तिला फोन करून बोलावतात, मॅडम, एकदा बघून जा. मला आजवर कोणी बोलावलेलं नाही. दरारा म्हणतात तो हाच.

साहेब म्हणाले, काम तुमचं चोख आहे, वाद नाही. पण प्रमुखाला माणसं सांभाळावी लागतात. एकोणीस वर्षांत तुम्ही या ऑफिसात कुणाच्या डब्यातला घास खाल्ला नाहीत, आपल्यातला कुणाला दिला नाहीत. माझ्या पार्टीला प्रत्येकजण घरून एक पदार्थ आणणार आहे. तुम्हीही आणा. लोकांना खाऊ घाला, लोकांचं खा. मग बघू.

'मग बघू' म्हणजे ठरल्यातच जमा. साहेब उगाच 'मग बघू' म्हणणारे नव्हेत.

संकल्प: पदार्थ स्वतः करणार. पार्टीत प्रत्येकाचा पदार्थ खाणार. प्रत्येकाचा. खाताना तोंड वाकडं करणार नाही.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.१५

हिला सांगितलं, पार्टीसाठी मी काहीतरी करणार. ही हसली. मी हसत नाही हे बघून थांबली. म्हणाली, अहो, लग्नाला चोवीस वर्षं झाली, तुम्ही गॅस पेटवलात तो फक्त बर्नर तपासायला.

दुर्लक्ष केलं.

कन्येने मोबाईलवर रेसिपी काढून दिली. पार्टीसाठी सोपे स्लो कुकर सॉसेज. छोटे सॉसेज, एक बाटली द्राक्षाची जेली, एक बाटली तिखट सॉस. सगळं भांड्यात टाका, झाकण लावा, चार तास विसरून जा. मग काड्या टोचून वाढा. संपलं. खाली ठळक अक्षरांत: मध्ये झाकण उघडायचं नाही.

मांसात द्राक्षाची जेली! आणि ते 'विसरून जा'. अन्न गॅसवर ठेवून विसरून गेलेली माणसं मी रोज बघतो. त्यांच्यावर खटले भरतो. पण कन्या म्हणाली, बाबा, यात बिघडण्यासारखं काही नाहीच, तुम्ही फक्त हात लावू नका. म्हटलं, हे काय अवघड आहे?

७.३०

स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं भांडं, माळ्यावरून काढला. नऊ वर्षांपूर्वी मेव्हण्याने दिलेला. मेव्हण्याने उपयोगाची वस्तू दिल्याचं मला आठवत नाही. आत लोकरीचे गुंडे, एक मोजा आणि पालीची दोन अंडी. शी. शी. शी. साबणाने धुतला, सोड्याने धुतला, व्हिनेगरने धुतला, शेवटी ब्लीच. ही म्हणाली, आता याला स्विमिंग पूलचा वास येतोय. येऊ दे. स्वच्छतेला वास असतोच.

६ मार्च, गुरुवार

लोकांचं खाण्यापिण्याची प्रॅक्टिस सुरू. शिपाईमामांनी चहा आणला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नको म्हटलं नाही. मामांनी खात्री करायला परत विचारलं.

कपाच्या कडेला ओठांचा ठसा होता. लिपस्टिकचा असता तर निदान कोणाचा ते कळलं असतं. हा नुसताच ठसा. वीस मिनिटं कप हातात धरून बसलो, चेहरा हसरा ठेवून. मामा दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा त्यांची पाठ वळली तेव्हा कुंडीत ओतला. चहा स्वीकारला हे महत्त्वाचं. तो पुढे कुठे गेला हा तपशील झाला.

दुपारी ४.००: हसरीने विचारलं, सर, तुमच्या कुंडीत एवढ्या मुंग्या कशा झाल्या? मी म्हणालो, ऑफिसची स्वच्छता रसातळाला गेलीय. माझ्या हातात कारभार आला की बघतो.

९ मार्च, रविवार. दुपारी

शेजारचे काका सत्तर वर्षांचे झाले. केक कापायला बोलावलं. एरवी मी जात नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगतो. आज गेलो, कारण प्रॅक्टिस.

मेणबत्त्या फक्त सात, दर दशकाला एक. पण काकांचा दम पुरेना. चार फुंकरा मारल्या. तिसऱ्या फुंकरीला वरची कवळी सुटली. पडली नाही, काकांनी जिभेने परत बसवली. मी अगदी समोर उभा होतो. क्रीमवर बारीक तुषार चमकत होते. आणि त्या केकला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं काय काय खातात! शिसारी आली.

एक तुकडा घेतला. तोंडापर्यंत नेला. तिथून तो खिशात गेला, टिशूत गुंडाळून. काकूंनी बघितलं. घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली की काकूंनी तो केक दोन दिवस खपून केला होता.

थोडं वाईट वाटलं. पण वाईट वाटून जंतू मरत नाहीत.

प्रगती समाधानकारक आहे. गुरुवारी कप हातात धरला, आज तुकडा ओठांपर्यंत नेला. शुक्रवारी आत जाईल.

११ मार्च, मंगळवार

नोटीस बोर्डावर पदार्थांची यादी लागली. एकूण चौतीस माणसं. सॅलड: टायपिस्टबाई. या नखांना रंग लावतात, रंगाखाली काय असतं ते देव जाणे. पास्ता: लॅबवाला. लॅबमध्ये हा ज्या चमच्याने नमुने ढवळतो त्याच चमच्याने कॉफी ढवळतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. पुडिंग: अकाउंट्सवाला. याच्या घरी तीन मांजरं. एक ओट्यावर झोपतं, आणि हा ते कौतुकाने सांगतो. हसरी: सूप.

हे सगळं मी शुक्रवारी खाणार आहे. माझ्या त्यागाची कोणाला कल्पना नाही.

मी साहेबांना एक कल्पना सुचवली. प्रत्येक पदार्थासोबत तापमानाचा तक्ता जोडावा: किती वाजता किती अंश, खाली सही. आपण हॉटेलवाल्यांना लावतो तो नियम आपल्याला का नको? साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, पार्टी आहे हो. मग म्हणाले, तुम्हाला जोडायचा तर तुमच्यापुरता जोडा.

म्हणजे तक्ता फक्त माझ्या भांड्यावर असणार. सगळ्यांमध्ये उठून दिसेल. साहेबांना हेच सुचवायचं असावं.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५.४०

सॉसेज आणायला अर्धी रजा टाकली. आमच्या हद्दीत मांस विकणारी अकरा दुकानं आहेत. अकराच्या अकरा मी आतून पाहिलेली आहेत, म्हणून तिथून काहीही घेणं शक्य नाही. पहिल्या दुकानात कापायच्या लाकडाला भेगा. दुसऱ्याचा मालक नाक पुसतो आणि वजन करतो. तिसऱ्याच्या फ्रीजमध्ये मी जे पाहिलं ते रोजनिशीतही लिहिणार नाही. चौथा मला बघूनच शटर ओढायला लागला. म्हटलं, अहो, गिऱ्हाईक म्हणून आलोय. त्याने शटर पूर्ण खाली ओढलं.

शेवटी बसने तासभर जाऊन दुसऱ्या हद्दीतल्या दुकानातून आणले. ताजे, कच्चे, हाताने भरलेले. ते दुकान मी कधीच तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध एकही नोंद नाही. दोन किलो घेतले. नमुने नेण्याच्या सीलबंद पेटीत बर्फ भरून आणले. बसमध्ये एक बाई म्हणाली, दवाखान्याचं आहे का हो? आणि उठून उभी राहिली. जागा मिळाली.

ही म्हणाली, तयार शिजवलेलं पाकीट मिळतं की, ते का नाही आणलं? म्हटलं, पाकिटात काय असतं ते मला माहीत आहे.

कन्या म्हणाली, बाबा, कच्चे असतील तर नीट शिजू द्या हं. आणि झाकण.

हो हो. झाकण.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.१०

आज.

हातमोजे, टोपी, मास्क, एप्रन. सॉसेज बर्फाच्या पाण्यात तीनदा धुतले. बोटांखाली लिबलिबीत लागतात, मेलेल्या माणसाचा अंगठा असावा तसे. जेली ओतली. 'पक्' असा आवाज करून बाटलीच्या आकारातच पडली आणि थरथरत उभी राहिली. वर लाल सॉस. हे दृश्य एखाद्या हॉटेलात दिसलं असतं तर मी पंचनामा केला असता. श्वास रोखून झाकण लावलं.

७.३०

कुकर सुरू. ९ अंश. ही कामावर जाताना म्हणाली, आता याला हात लावू नका, वर्तमानपत्र वाचा. कन्यासुद्धा तेच बोलली. शब्द दिला.

७.४०

एकदाच उघडलं. तक्ता भरायचा तर थर्मामीटर आत घालावं लागणार, यात शब्द मोडण्याचा प्रश्न नाही. १० अंश. उघडताना आधी बटण बंद केलं. वीज आणि पाणी, नियम आहे.

७.५०

११. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली. मधलं वेगळं, कडेचं वेगळं. प्रत्येक वेळी थर्मामीटर धुऊन, पुसून, स्पिरिट लावून. पाच मिनिटं जातात. जाऊ देत.

८.३०

२१. चढतंय. वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्राला किती हात लागलेले असतात याचा विचार करून मिटलं.

९.२०

२९. काचेच्या झाकणावर पाणी जमतं, आतलं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे धोका. पुसलं. बाहेरून पुसून भागत नाही, आतून पुसावं लागतं.

१०.४०

३७. शरीराचं तापमान. मांस जिवंत असताना एवढंच असतं. हा विचार का आला?

११.३०

४१. जरा हळू आहे. पण स्लो कुकर म्हणूनच तर नाव ठेवलंय. रेसिपीवाल्यांनी चार तास लिहिलेत, म्हणजे कुठलंही मोजमाप न करता ठोकून दिलेलं. असले लोक.

१२.१०

चव बघितली. एकाने अंदाज येईना. वरचा थर, मधला, खालचा, प्रत्येकी तीन, आणि शंका होती म्हणून आणखी दोन. एकूण अकरा. आत थोडे गुलाबी. ताज्या मालाची हीच खूण. आश्चर्य म्हणजे आवडले. स्वतःच्या हातचं आहे, हात कुठे होते ते माहीत आहे.

१२.२५

शेवटची नोंद ४४. तक्त्यावर एकूण तीस नोंदी. सही, ऑफिसचा शिक्का. तक्ता प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून झाकणाला चिकटवला. टॅक्सी बोलावली. खुर्ची जवळ दिसतेय.

संध्याकाळी ५.३०

पार्टी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

मी भांडं टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. मास्क काढला, हसलो. लोक प्लेटा घेऊन आले. पण आमचे लोक म्हणजे सगळे तपासणी खात्यातले. कुठेही तक्ता लावलेला दिसला की अन्नाआधी तक्ता वाचतात. वळणच तसं पडलंय. पहिला लॅबवाला. त्याने वाचलं आणि काडी परत ठेवली. टायपिस्टबाईंनी वाचलं आणि सॅलडकडे वळल्या.

मला वाटलं, अक्षरावर खूश झाले.

मग हसरी आली. वाचलं. हसली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, सर, अजून तिघांनीच बघितलंय, ते बोलणार नाहीत. तक्ता काढून खिशात घाला. मी सांगते, टॅक्सीत कुकर कलंडला, बटण तुटलं, आपण हे बाजूला ठेवतोय. सूप माझ्याकडे भरपूर आहे, आपण दोघं मिळून वाढू.

डाव माझ्या लगेच लक्षात आला. भर पार्टीत माझा तक्ता गायब करायचा! मी मोठ्याने म्हणालो, कुकर बिघडलेला नाही. कलंडलेला नाही. तीस नोंदी आहेत आणि तिसाच्या तिसही बिनचूक आहेत. कोणीही येऊन वाचावं.

सगळे येऊन वाचू लागले. साहेबही. साडेसात ते साडेबारा, पाच तास, सगळ्यात जास्त तापमान चव्वेचाळीस. अकाउंट्सवाल्याने खोकल्यासारखं केलं. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, अशा अन्नाबद्दल नियम काय आहे?

नियम शहरातल्या प्रत्येक किचनच्या भिंतीवर लावलेला आहे. मसुदा माझाच. तोंडपाठ म्हटला: साठ अंशांखाली चार तासांपेक्षा जास्त काळ राहिलेलं शिजत असलेलं अन्न खाण्यास अयोग्य समजावं आणि साक्षीदारांसमोर जागच्या जागी नष्ट करावं. 'चार तासांपेक्षा' इथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. पण वाक्य अर्धवट सोडायची मला सवय नाही.

पंचनामा मीच लिहिला. 'जप्त करणारा अधिकारी' मी, 'अन्न तयार करणारा' मी. दोन्ही रकान्यांत एकच सही बघून मामांनी विचारलं, असं चालतं का? चालतं. मग मीच भांड्यात फिनाईल ओतलं. जांभळ्या जेलीवर पांढरे ढग पसरले. त्या वासाने खोलीतला एकूण एक पदार्थ वाया गेला. पुडिंगला कोणी हात लावला नाही, म्हणजे मांजरांपासून मी तेहतीस माणसांना वाचवलं. त्यामुळे मलाही कुणाचं काही खाता आलं नाही. नाहीतर खाणार होतोच.

खिडक्या उघडल्यावर साहेबांनी भाषण केलं. आपल्या जागी हसरीचं नाव सुचवल्याचं सांगितलं. म्हणाले, नियम सगळ्यांनाच माहीत असतात, पण हिला बघून लोक दार उघडतात. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हातात मोजे होते, आवाज आला नाही.

तरी मी समाधानी आहे. स्वतःचं अन्न स्वतः जप्त करणारा अधिकारी या खात्यात दुसरा नाही. जाताना साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. फिनाईलने येतं, मान्य. पण एवढं नाही येत. वरून सही व्हायची आहे अजून. वर कळेलच.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ६.५५

पोटात कळ. काकांचा केक असावा. तुकडा खाल्ला नव्हता, पण खिशात होता.

८.१०

तिसऱ्यांदा. किंवा शिपाईमामांचा कप.

९.००

मोजणं सोडलं.

११.३०

ही विचारते, काल तुम्ही ते सॉसेज चाखले होते का? म्हटलं, तपासणीपुरते. किती? अकरा. ही पलंगाच्या कडेला बसली. डोक्याला हात लावून म्हणाली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मग उठून तिने बादली धुतली. मी धुतो म्हणालो, उठता येईना. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच घाणीच्या वासात पडलोय. तिने मात्र नाकाला पदरसुद्धा लावला नाही.

मला लाज वाटली. ताप १०२ आहे, त्यामुळे असेल.

१६ मार्च, रविवार. दुपारी

डॉक्टर घरी आले. थर्मामीटर कोटाला पुसून माझ्या तोंडात घातलं. विरोध करायला तोंड रिकामं नव्हतं. म्हणाले, बाहेरचं खाल्लं? नाही, एकोणीस वर्षांत नाही. मग घरचं? मी छताकडे बघितलं. ही बोलली. सगळं बोलली. झाकणाचंसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, विषबाधेची केस आहे, अन्न तपासणी विभागाला कळवावं लागेल. म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, तिथे नवीन मॅडम आल्यात म्हणे, फार चांगल्या आहेत.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ११.००

हसरी आली. प्रमुख झाल्यावरची तिची पहिली केस मी. सही शनिवारीच झाली म्हणे. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण स्वतः आली. हिने चहा दिला. कपाकडे न बघता प्यायली, आणि वर म्हणाली, वहिनी, मस्त झालाय.

मग फॉर्म काढला. मला सगळा पाठ आहे, पण पलंगावर पडून तो कधी ऐकला नव्हता. अन्नाचा प्रकार. सॉसेज. कुठे तयार केलं. याच घरात. तयार करणाऱ्याचं नाव. तिने विचारलं नाही, लिहून टाकलं. तापमान. चव्वेचाळीस, मी म्हणालो. ती म्हणाली, हो सर, आठवतंय.

शेवटचा रकाना: आजारी व्यक्तीसोबत तेच अन्न खाल्लेल्यांची नावं.

तिने पेन तयार ठेवून विचारलं, तुमच्यासोबत आणखी कोणी खाल्लं, सर? नाही. घरातलं कोणी? मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, आम्हाला कुठे हात लावू देतात? ऑफिसमधलं कोणी? कोणीच नाही. तिने शून्य लिहिलं.

मग म्हणाली, एका अर्थी बरंच झालं, सर. पसरलं नाही.

मी हो म्हणालो. पार्टीला चौतीस माणसं होती. सही केली.